खाली ये, रोझा

अल्फॉन्स पिओन्टेक,

हे पत्र तुला पोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तुला जाऊन कित्येक वर्षं झाली, आणि मी काही थडग्यांशी गप्पा मारणाऱ्या बायकांतली नाही. तरी तुलाच लिहिते, कारण तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की समोरचा आधी हसतो. "म्हणजे ते गाण्यातलं कबुतरवालं म्हातारं?" म्हणतो, आणि गुणगुणायला लागतो. परवा दंतवैद्याकडची मुलगी, तिशीचीही नसेल, माझ्या तोंडात दोन नळ्या खुपसून तेच गुणगुणत होती. तिचं बोट चावावंसं वाटलं मला.

गाणं सगळ्यांना पाठ आहे, माणूस कुणालाच माहीत नाही. म्हणून माणसाचं लिहिते.

तू भला माणूस नव्हतास, हे आधीच लिहून टाकलेलं बरं. मेलेल्यांना साबण लावून धुण्याची आपल्या हेर्ने गावातही पद्धत आहे, पण मला ती कधी आवडली नाही. तू हात उचलणारा होतास. ज्याच्यावर उचलू नये त्याच्यावरही उचलायचास.

हात उचलणं तू घरीच शिकलास. खाणकामगारांच्या त्या वस्तीत तुमचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून होतं, मधे एका विटेची भिंत. तुझा बाप, स्टानिस्लाउस, पट्टा स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगायचा. त्याची पाळी सुटायची वेळ आणि आमची बटाटे सोलायची वेळ एकच. आई म्हणायची, "इंगे, मोठ्याने गा." म्हणजे भिंतीपलीकडचं ऐकू येऊ नये. मी सात वर्षांची आणि तू नऊचा. मी गात असे आणि मधेच थांबून मोजत असे. अकरापर्यंत मोजलेलं आठवतं. तू रडत नसायचास. तुझा भाऊ एर्न्स्ट तुझ्या वाटचं रडायचा.

चौदाव्या वर्षी तू खाणीत उतरलास. पहिल्याच महिन्यात मुकादमाने लोखंडी कंदील तुझ्या डाव्या कानावर हाणला, का, तर तू टोपली वाकडी भरलीस. तो कान कायमचा गेला. एकावन्न साली छत कोसळून एर्न्स्ट त्याखाली गेला. तू त्याला नखांनी उकरून काढलास, आणि जे निघालं ते पोत्यात घालून वर आणावं लागलं. त्या दिवशी दुपारी घरी येऊन तू स्वयंपाकघरातली सगळी चिनीमातीची भांडी एकेक करून भिंतीवर फोडलीस. आमच्या बाजूने भिंतीतून भुगा गळत होता. शेवटची बशी फुटल्यावर तू मागल्या अंगणात गेलास आणि कबुतरांना दाणे घातलेस. मी खिडकीतून बघत होते. तेच हात, पण बघून कुणाला वाटलं असतं एखादी दाई मूल हातात घेतेय.

कबुतरांवर तू कधी चिडून हात टाकला नाहीस. ज्यांना मारायचं त्यांना मारायचास, पण ते वेगळं. दोन शर्यतींत लागोपाठ मागे पडलेल्या पाखराची मान अंगठा आणि दोन बोटांत धरून तू अशी फिरवायचास, की पाखराला कळायच्या आत संपलेलं असे. मग शेवयांचं सूप. वस्तीतल्या प्रत्येक ढाबळीची हीच रीत होती. रविवारी हरलेलं कबूतर सोमवारी ताटात. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लंय, आणि ते चविष्ट असायचं.

मी शिष्यवृत्तीवर म्युन्स्टरला शिकायला गेले आणि लॅटिन शिकवणारी बाई होऊन त्याच घरात परत आले. तेव्हापासून तू मला 'मास्तरीणबाई' म्हणू लागलास. काही मागायचं असलं की मात्र इंगे.

आता त्या रविवारचं. जुलै, सन ऐंशी. पासाऊची शर्यत, वर्षातली सगळ्यांत लांबची. पहाटे तिकडे ट्रकमधून पाखरं सोडली की दुपारी एकच्या सुमारास आपल्याकडे पोचायची. पाखरू ढाबळीत शिरलं की त्याच्या पायातली रबरी कडी काढायची, शर्यतीच्या घड्याळात टाकायची आणि कळ फिरवायची. खट् आवाज होऊन आतल्या कागदावर वेळ उमटते. घड्याळाला क्लबाचं शिशाचं सील असतं, ते संध्याकाळी क्लबातच सगळ्यांसमोर फोडतात. पाखरू घरावर आलं, पण आत शिरलं नाही, तर वेळ मोजली जात नाही. म्हणून शर्यतीच्या रविवारी आपल्या गल्लीत कपडे वाळत घालायचे नाहीत, सतरंज्या झटकायच्या नाहीत, भडक कपडे घालून अंगणात यायचं नाही. फडफडणारं, चमकणारं काही दिसलं की पाखरू बिचकतं. हे आपल्याकडे तान्ह्या पोरालाही कळायचं.

आदल्या दिवशी तू हानेलोरला भिंतीवर आपटलं होतंस. माझ्या बाजूचं कॅलेंडर खाली पडलं, इतक्या जोराने. तुझी बायको ओरडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. रविवारी सकाळी मी सहा पांढऱ्या चादरी धुतल्या आणि अंगणात दोरीवर घातल्या. विसरून नव्हे, मुद्दाम.

रोझा, तुझी लाडकी कबुतरी, पावणेएकला आली. गल्लीत सगळ्यांच्या आधी. एक घिरटी घेतली, माझ्या चादरी पाहिल्या, आणि तुझ्या छपराच्या पन्हळीवर जाऊन बसली.

"इंगे, चादरी काढ." तू बनियन आणि लांब आतल्या तुमानीवर बाहेर आला होतास, हातात वाटाण्याचा डबा.

"माझं अंगण आहे."

"इंगे, मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं नाही."

"काल हानेलोरने मागितलं असेल. तिला काय दिलंस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तोंड फिरवलंस, डबा वाजवलास आणि वर बघून बोलायला लागलास. तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. "खाली ये, रोझा. ये गं राणी. तुझ्या म्हाताऱ्याकडे ये. कुणी रागावणार नाही तुला. ये गं."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. हाइनी वोल्नी, तुझ्याबरोबर तीस वर्षं एकाच थरात कोळसा फोडलेला, कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. "अल्फॉन्स, तिला लग्नाचं विचार," म्हणाला. पोटं धरून हसले लोक. रोझा पंख साफ करत बसली. अठरा मिनिटं. तू गुडघ्यांवर बसलास, तुमान मागून सुटली होती, आणि तू तसाच कुजबुजत होतास.

मग तू आत गेलास, छऱ्याची बंदूक घेऊन आलास आणि एका गोळीत तिला पाडलंस.

ती माझ्या चादरीवर पडली. तू कुंपण ओलांडून आलास, पायातली कडी ओढलीस, धावत जाऊन घड्याळात टाकलीस. तिचे पंख अजून हलत होते. परत येऊन तू तिची मान फिरवलीस. चादरीकडे बघितलंस आणि म्हणालास, "थंड पाण्यात भिजव. गरम पाण्याने डाग बसतो."

चार मिनिटांनी हरलास. वर क्लबाने पाखरू दाखव म्हटलं. तू चपलांच्या खोक्यातून नेलंस. वर्षभरासाठी काढून टाकलं तुला. क्लबात विचारलं, पाखरू का बसलं नाही. तू म्हणालास, "हट्टी होती." चादरींचं नाव काढलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडे मात्र तो सगळा राग तू हानेलोरच्या तोंडावर काढलास. शरदात ती दोन पिशव्या घेऊन कासेलला बहिणीकडे गेली. समोरचा एक दात इथेच राहिला. माझ्या चादरींनी तिचं काही भलं केलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षीचा नाताळ मी ड्युसेलडॉर्फला, माझ्या बहिणीकडे केला. तिचा मुलगा गीडो, चोविशीतला, गिटार वाजवायचा. चार पोरं, तीन सूर आणि खूप आरडाओरडा, अशी त्यांची टोळी होती. नाव 'तिसरी पाळी'. त्यांतल्या एकानेही कुठलीच पाळी केलेली नव्हती. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज झाल्यावर गीडो म्हणाला, "मावशी, तुमच्या वस्तीतलं काहीतरी सांग."

सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. खुर्चीवर चढून रोझा झाले, खाली उतरून तू झाले. तुझा तो आवाज काढला. पस्तीस वर्षं पोरांसमोर उभं राहून नकला मला बऱ्या जमतात. गीडो हसता हसता सोफ्यावरून घसरला. "पुन्हा एकदा, मावशी, ते 'खाली ये' पुन्हा एकदा." मी पुन्हा केलं. तीनदा केलं. त्यात चादरी नव्हत्या.

मे महिन्यात तबकडी निघाली. 'खाली ये, रोझा.' एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला कुणी कधी ऐकलं नाही असं काहीतरी. ध्रुवपदात माझी नक्कल, गीडोच्या तोंडून. महिन्याभरात ते सगळीकडे वाजत होतं. कारखान्यांच्या उपाहारगृहांत, केशकर्तनालयांत, चर्चच्या जत्रेत. फुटबॉलच्या मैदानावर चेंडू छतावर अडकला की तीस हजार माणसं त्याला विनवायची, "खाली ये, रोझा." कार्निव्हलात लोक लांब तुमान घालून वाटाण्याचे डबे वाजवत फिरले. खरंच गमतीदार गाणं होतं ते. मीही हसले होते, तेही लिहिते.

तू कधी ऐकलंस तेही मला माहीत आहे, कारण केटेने सांगितलं. कोपऱ्यावरच्या गुत्त्याची मालकीण केटे. रविवारी सकाळची प्रार्थना आटपून जेवणापर्यंत तुम्ही पुरुष तिच्याकडे उभे असायचात आणि घरी बायका मांस भाजत असायच्या. बिअर पोचवणाऱ्या एका ड्रायव्हरने गाण्यांच्या पेटीत नाणं टाकलं. तुला आधी कळलं नाही. बहिरा कान पेटीकडे होता. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले, म्हणून तू मान वळवलीस.

केटे म्हणाली, "त्याने पेला नीट पुठ्ठ्यावर ठेवला. सांडू दिला नाही. मग उठला, ड्रायव्हरची मानगूट धरली आणि तोंड पेटीच्या काचेत घातलं. गाणं चालूच. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातल्यावर गाणं बंद पडलं."

तिथून सुरू झालं. केटेने ती तबकडी पेटीतून काढली, तर लोक तोंडाने म्हणायचे. कुणी शीळ घातली की तू मारायचास. कुणी वाटाणे टेबलावर ओतले की मारायचास. लहान हौदातल्या माशासारखी गंमत झाली होती तुझी, डिवचायची आणि बघायची. बोखुमहून पोरं गाडी करून यायची, रविवारी अकरा वाजता, खास त्यासाठी. एक जण गायचा, तिघं दारामागे थांबायचे. तू एकाचं नाक फोडलंस की बाकीचे तुला अंगणात ओढून लाथांनी तुडवायचे. दोन फासळ्या गेल्या. छातीत चाळीस वर्षांची दगडाची धूळ, अर्ध्या फुफ्फुसावर मारामारी करणारा माणूस तू. मारताना तुझा श्वास किटलीसारखा शीळ घालायचा, आणि पोरं त्यालाही हसायची.

मी एकदा म्हटलं, "अल्फॉन्स, तिकडे जाऊ नकोस."

"का? गुत्ता त्यांच्या बापाचा आहे का?"

"मरशील एक दिवस."

"मरेन. पण एकाला तरी घेऊन." मग कुंपणाला टेकून खोकलास, थुंकलास आणि म्हणालास, "इंगे, एकदा पासाऊ जिंकलो ना, की गाणं मेलं. जिंकलेल्या माणसाला कोण हसतं? पण आधी मला हे कळायला हवंय, की बाहेर सांगितलं कुणी."

मी म्हटलं, "मला काय माहीत." इतकं सोपं होतं ते.

ऑगस्टात तू ठरवलंस की हाइनीने सांगितलं. त्या दिवशी कुंपणावर तोच होता ना. क्लबाच्या अंगणात, पाखरं टोपल्यांत भरत असताना, वीस माणसांसमोर तू त्याला धरलंस. सत्तावन्न साली वायूने भरलेल्या बोगद्यातून ज्याने तुला पाय धरून ओढून बाहेर काढलं होतं, त्याला. तो हात वर करायच्या आधी त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तो पडल्यावरही तू थांबला नाहीस, चौघांना तुला उचलावं लागलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा हाइनीने लिहून दिलं, पायरीवरून पडलो.

त्याचा जबडा सहा आठवडे तारांनी बांधलेला होता, नळीने सूप प्यायचा. मी सूप घेऊन गेले होते. त्याने पेन्सिलीने कागदावर लिहिलं, "मी नाही सांगितलं."

मी म्हटलं, "मला माहीत आहे, हाइनी."

तो माझ्याकडे बघत राहिला. लॅटिन त्याला येत नव्हतं, पण मूर्ख नव्हता तो. मी भांडं न घेताच उठले.

वर्षाची बंदी संपल्यापासून तू पुन्हा शर्यतीत उतरत होतास. रोझाची एक मुलगी होती, निळसर, छाती पुढे काढून चालणारी. तिला तू नाव ठेवलं नाहीस. कडीवरचा शेवटचा आकडा घेऊन 'एकोणीस' म्हणायचास. "नाव ठेवलं की लोक गाणी करतात," म्हणालास. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिने तीन छोट्या शर्यती मारल्या. तिन्ही वेळा छपराकडे न बघता दगडासारखी ढाबळीत उतरली. शीळ घालणारी पोरं थोडी गप्प झाली. क्लबात तुझ्यासाठी पुन्हा खुर्ची सरकवू लागले. पासाऊ तेवढी उरली होती.

पासाऊच्या रविवारी गीडो आला. मी बोलावलं नव्हतं. बारानंतर गाडी थांबली, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "मावशी, त्या माणसाला मला भेटायचंय. मला झोप येत नाही. लोक सांगतात त्याला तुडवतात म्हणे."

"आधी कॉफी घे," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. आज काय आहे हे त्याला सांगायला हवं होतं. शहरातला मुलगा, त्याला कबुतरं म्हणजे चौकातली घाण तेवढी माहीत. मी कॉफी गाळून बाहेर आले तर खुर्ची रिकामी, आणि तुझ्या अंगणाचं फाटक उघडं.

अंगावर पिवळा शर्ट. हातात कागद काढून टाकलेली ती वस्तू. लाखो तबकड्या खपल्या की मिळते ती सोनेरी तबकडी, काचेच्या चौकटीत. भर उन्हात ती आरशासारखी पेटली होती.

"पिओन्टेक काका ना? मी गीडो. ते गाणं... आमचं आहे."

तू आकाशाकडे बघत होतास. "ते चमकतंय ते खाली ठेव."

"तुमच्यासाठीच आणलंय. यात खरं तर निम्मं तुमचं आहे."

"पालथं ठेव म्हणतो. आणि शर्ट काढ."

"रागावू नका ना. मी तर तुम्हाला ओळखतही नव्हतो. इंगे मावशीने इतकं झकास करून दाखवलं, की..."

मी कुंपणाशी पोचले होते, हातात कॉफीची किटली. तू मान खाली आणलीस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"तू?"

"हो."

"हाइनी नाही?"

"नाही."

"आणि चादरी? त्या सांगितल्यास?"

गीडोने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "कुठल्या चादरी?" म्हणाला.

तू हसलास. त्या तीन वर्षांत तुला हसताना मी पाहिलं नव्हतं. मग भिंतीला टेकवलेलं फावडं उचललंस.

पहिला घाव चौकटीवर पडला, काच उडाली. दुसरा त्याच्या गुडघ्यावर, तो पडला. तिसऱ्याला त्याने डावा हात वर केला. घाव हातावर आला आणि हात दगडी उंबऱ्यावर. तो आवाज मी सांगणार नाही. तू पुन्हा मारलंस, त्याच हातावर, बघून, नेम धरून, कोळसा फोडतात तसं. मी फाटकातून आत आले आणि किटली तुझ्या मानेवर ओतली. उकळती कॉफी. कातडी माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली, तुला पत्ताही नव्हता. मी तुझ्या दंडाला लोंबकळले, तू मला माशी झटकावी तसं झटकलंस. माझं डोकं पिंपावर आपटलं. फावडं पुन्हा वर गेलं. या वेळी गीडोच्या डोक्याच्या नेमाने, यात मला शंका नाही.

आणि वर पंखांची फडफड झाली.

फावडं हवेतच राहिलं. एकोणीस आली होती. ती एकटीच, आकाशात दुसरं पाखरू नव्हतं. खाली काचा चमकत होत्या, पिवळा शर्ट वळवळत होता, गीडो गुरासारखा ओरडत होता. ती वळून लांब गेली.

तू फावडं गवतावर ठेवलंस, आवाज होऊ न देता. अंगातलं जाकीट काढून काचांवर पसरलंस. मग गीडोच्या शेजारी गुडघ्यांवर बसलास, त्याच्या तोंडावर तळहात ठेवलास, शर्टावर आपली छाती आडवी घातलीस, आणि त्याच्या कानात म्हणालास, "गप, लेकरा. एक मिनिट. एकच मिनिट."

आणि तो गप्प बसला. नंतर मी त्याला कितीदा विचारलं, का रे? तो म्हणतो, "आवाज ओळखीचा वाटला."

ती परत आली. छपराकडे बघितलंही नाही. सरळ आत.

तू शिडी चढलास, रक्ताचे हात तुमानीला पुसून. मला वरून कडी निघाल्याचा आवाज आला नाही, पण कळ फिरल्याचा आला. खट्. मी तेव्हा गीडोच्या हाताला एप्रन गुंडाळत होते. किती वाजले ते मी पाहिलं नाही.

खाली आलास तेव्हा रस्त्याच्या टोकाला भोंगे ऐकू येत होते. शेजारच्यांनी फोन केला होता. तू घड्याळ माझ्यापुढे धरलंस, चामड्याच्या पट्ट्याला धरून.

"इंगे, सहाच्या आत क्लबात. सहानंतर आलेलं घड्याळ उघडत नाहीत."

"हाइनीला दे."

"हाइनीच्या तोंडाकडे मी कसा बघू?" मानेवर आता फोड उठत होते. "तू ने. तुझ्याशिवाय आता कोण उरलंय इथे?"

मी म्हटलं, "नेते."

रुग्णवाहिकेत ते माझ्या मांडीवर होतं. रुग्णालयाच्या बाकावरही. चार वाजता डॉक्टर बाहेर आले, दोन बोटं काढली, तिसरं वाकणार नाही म्हणाले. तोवर माझी बहीण येऊन पोचली होती. म्हणजे गीडोपाशी बसायला माणूस होतं. क्लब तिथून ट्रामचे दोन थांबे. पाच वाजून दहा मिनिटांनी मी उठले, कोट घातला, घड्याळ घेतलं, दारापर्यंत गेले. दाराच्या काचेत मी दिसले, कपाळावर पट्टी, हातात तुझं घड्याळ. परत येऊन बसले. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्याचा काटा सहावर जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. एकदाही डोळा लागला नाही, कुणी अडवलं नाही, काही आडवं आलं नाही.

खटल्यात तुला विचारलं, का मारलंस. तू म्हणालास, "शर्यत चालू होती." माझं नाव नाही, चादरी नाहीत. साक्षीला मी होते, मीही चादरी सांगितल्या नाहीत, कुणी विचारलं नाही. टिपणं घेणारा कारकून खाली मान घालून ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणत होता. तू ते उजव्या कानाने ऐकलंस, कठडा ओलांडून त्याच्या टेबलावर उडी घेतलीस आणि त्याची पेन्सिल त्याच्याच तळहातात खुपसलीस. शिक्षा वाढली. चार वर्षं झाली एकूण.

तुरुंगातून तुझी दोन कार्डं आली. दोन्हींवर एकच ओळ. "इंगे, किती वाजले होते?"

मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? दुसऱ्या हिवाळ्यात तुझी छाती भरली आणि तू गेलास. एकोणीसला हाइनीने नेलं. ती म्हातारी होऊन मेली, तिची मान कुणी फिरवली नाही. गीडोची टोळी मोडली. तो आता फरशा विकतो, बरं चाललंय त्याचं. गाणं लागलं की उजव्या हाताने रेडिओ बंद करतो.

हाइनी मरायच्या आधी एकदा येऊन म्हणाला होता, "इंगे, पक्कड आण, सील फोड, बघून टाक एकदा." मी पक्कड आणलीही होती. पण ते क्लबात फोडायचं असतं, सगळ्यांसमोर. माझ्या तळघरात, मुरवलेल्या काकड्यांच्या बरण्यांशेजारी फोडून त्याचं काय होणार. क्लबही आता नाही. तिथे पाठदुखीवाल्यांना व्यायाम शिकवतात.

घड्याळाच्या पट्ट्याला मी दर वर्षी मेण लावते, तडकू नये म्हणून. तो धरून न्यायचं. ट्रामचे दोन थांबे, मग डावीकडे, बेकरीला लागून दुसरं दार. सहाच्या आत.

इंगे